काचेपलीकडचे कुंकू

१

सांगा, तुमच्या घरी सांजवात कोण लावते?

पुष्कळ घरांत आता ती कोणीच लावत नाही, हे मला ठाऊक आहे. त्यावर उपदेश करायला मी बसलेली नाही. आमच्या घरी ती माझा भाचा यज्ञेश लावतो. तो लावत असताना मी त्याच्या शेजारून हलत नाही. ते का, एवढेच सांगायचे आहे.

मी वसुधा. मुलुंडच्या एका शाळेत गणित शिकवून निवृत्त झाले. लग्न केले नाही. धाकटा भाऊ देवव्रत आणि त्याची पत्नी शर्मिष्ठा सकाळी कचेरीत जात आणि दिवेलागण उलटल्यावर परत येत. म्हणून यज्ञेश माझ्या हाताखाली वाढला. 'आत्या' हा शब्द त्याला लहानपणी म्हणता येत नसे. तो मला आत्तू म्हणू लागला, आणि अजून तेच म्हणतो.

त्याला अंगठा चोखण्याची सवय होती. मी कडुनिंबाचा पाला वाटून अंगठ्याला लावी. तो तोंड वाकडे करी आणि तरीही चोखी.

"कडू नाही का लागत रे?"

"लागतो. पण माझाच आहे ना."

त्याच उजव्या अंगठ्याच्या पेरावर, आतल्या बाजूने, एक व्रण आहे. मी विळीवर नारळ खवत होते आणि ताटलीत पडणारे खोबरे उचलायला त्याने मधेच हात घातला. हळद दाबून तो अंगठा मी कितीतरी वेळ मुठीत धरून बसले होते. जखम भरली, बारीक चंद्रकोर मागे राहिली. हजार मुलांच्या अंगठ्यांतून तो अंगठा मी ओळखीन.

दहावीत चांगले गुण मिळाले, म्हणून देवव्रतने त्याला मोबाइल घेऊन दिला. यज्ञेशने आधी उत्तर देणे सोडले. मग जेवताना वर पाहणे सोडले. एका रविवारी शर्मिष्ठेने इंटरनेट बंद केले, तेव्हा त्याने न्हाणीघराच्या दाराची फळी लाथेने फोडली. खालच्या मजल्यावरच्या केतनला, खेळात हरवले एवढ्यासाठी, त्याने जिन्यात ओठ फुटेपर्यंत मारले. दुसऱ्या दिवशी दोघे त्याच जिन्यात शेजारी बसून पुन्हा खेळत होते. मारामारीपेक्षा मला ते शेजारी बसणे अधिक वाईट वाटले.

२

आमच्या घरी खंडेनवमीला हत्यारे पूजतात. आमचे वडील आग्रा रोडवरच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये होते. त्यांचे नट आवळायचे पाने आणि मोजमापाचा कॅलिपर अजून जपून ठेवलेला आहे. पाटावर ती मांडायची. त्यांच्याबरोबर विळी, अडकित्ता, कात्री, माझा फळ्यावरचा लाकडी कंपास. हळदकुंकू, अक्षता, झेंडू. एकदा पूजा झाली की दसऱ्याच्या सकाळी उत्तरपूजा होईपर्यंत त्यांतल्या कशालाही हात लावायचा नाही. त्या दिवशी आमच्याकडे भाजीसुद्धा चिरत नाहीत. हत्याराला वर्षातून एक दिवस विसावा द्यावा, म्हणजे उरलेले दिवस ते हाताच्या आज्ञेत राहते, असे वडील म्हणत.

त्या वर्षी पूजा मांडताना देवव्रत हसून म्हणाला, "अरे, ह्या योद्ध्याचं हत्यार राहिलंच की! ठेव रे तुझा मोबाइल."

"बाबा, काहीपण हं," यज्ञेश म्हणाला. पण त्यालाही गंमत वाटली. त्याने मोबाइल विळीशेजारी ठेवला. शर्मिष्ठेने काचेवर कुंकवाचा टिळा लावला आणि अक्षता वाहिल्या. मग दोघे कचेरीत गेले.

दुपारी मी पाटाजवळ बसून झेंडूचे तोरण ओवत होते. यज्ञेश आला.

"आत्तू, दोन मिनिटं."

"उद्या."

"अगं, सगळे ऑनलाइन आहेत. केतन थांबलाय."

"थांबू दे. टिळा लागला आहे. उद्यापर्यंत तो देवाचा."

"देवाला काय करायचाय यार मोबाइल?"

मला हसू आले. मी हसत असतानाच तो वाकला. मी त्याच्या हातावर हात ठेवला. त्याने मला ढकलले. रागाने नव्हे, वाटेतली खुर्ची सरकवावी तसे. माझे मनगट पाटाच्या कडेवर आपटले आणि आत काहीतरी तुटल्याचा आवाज मी ऐकला. त्याने तो ऐकला नाही. तो गॅलरीत गेला होता.

संध्याकाळपर्यंत मोबाइल पुन्हा पाटावर, जिथल्या तिथे आला होता. माझा हात सुजला होता. देवव्रतने विचारले तेव्हा मी खरे ते सांगितले.

"यज्ञेशने ढकलले."

"ती घसरली बाबा! फरशीवर फुलं होती. मी हातपण नाही लावला तिला."

देवव्रत माझ्याकडे पाहत राहिला, मग मुलाकडे. मुलाच्या बाजूने झुकायची त्याची इच्छा मला दिसत होती. बाप आहे. "पूजेवर हात ठेवून सांग," तो म्हणाला.

यज्ञेशने उजवा हात मोबाइलवर ठेवला. अक्षता त्याच्या बोटांखाली चुरडल्या.

"आत्तूला मी हात लावला नाही. देवाशपथ."

मी सुजलेला हात पदराखाली घेतला. खरे एकदाच सांगायचे असते.

३

दसऱ्याची उत्तरपूजा झाल्यावर शर्मिष्ठा म्हणाली, "शपथ घेतलीस, ठीक आहे. पण परीक्षा होईस्तोवर फोन कपाटात." आम्ही तिघेही सावध उभे राहिलो. देवव्रत तर दार अडवूनच उभा होता.

यज्ञेशने मोबाइल बंद केला आणि आईच्या हातात दिला. "घे," तो म्हणाला, आणि जिलेबी खायला बसला.

न्हाणीघराचे दार फोडणारा मुलगा. मला त्या क्षणी आनंद व्हायला हवा होता.

मोबाइल रुमालात गुंडाळून लोखंडी कपाटात ठेवला. किल्ली माझ्या कनवटीला आली. माझ्या हाताला प्लास्टर होते, आणि यज्ञेश माझी सगळी कामे करू लागला. कारण आम्ही दोघे जाणून होतो, बोलत नव्हतो. तो माझी वेणी घाली, वाकडी. देवाला फुले वाही. दुपारी वरणभात कालवून मला भरवी.

"आ कर."

"मी काय बाळ आहे?"

"आहेस. आ कर, विमान आलं."

घास तोंडात घेतला आणि जीभ पोळली. भात नुकताच कुकरमधून काढलेला होता. वाफ अजून निघत होती. मी त्याच्या बोटांकडे पाहिले. ती लाल झाली होती.

"अरे, पोळत नाही का तुला?"

"कुठे? गारच आहे." त्याने पुन्हा बोटे भातात घातली.

तरुण कातडी, मी मनाशी म्हटले. निबर असते.

त्याच दुपारी मला त्याचा अंगठा हलताना प्रथम दिसला. तो दिवाणावर झोपला होता, हात पोटावर. उजवा अंगठा हलत होता. खालून वर सरके, थांबे, पुन्हा खालून वर. सवय सुटताना शरीर असे करते, हे मी मासिकात वाचले होते. मी त्याच्या अंगावर चादर घातली.

मग आवाज आला. लोखंडी कपाटातून. ओल्या काचेवरून बोट घसरावे आणि मग टेकावे, तसा. घसरणे. टेकणे. मी उठून कपाटाला कान लावला. उंदीर असेल. उन्हाने पत्रा तापला असेल; कपाट खिडकीजवळच होते. गणित शिकवणाऱ्या माणसाला कारण सापडायला वेळ लागत नाही.

परत खुर्चीवर बसले, आणि चादरीखालच्या अंगठ्याकडे माझे लक्ष गेले. अंगठा सरकला, आवाज घसरला. अंगठा थांबला, आवाज टेकला.

मी रामरक्षा म्हणायला सुरुवात केली. निम्म्यावर शब्द आठवेनात. पाठ झाल्यापासून असे कधी झाले नव्हते.

४

पुढच्या दुपारी मी कपाट उघडले. डाव्या हाताने किल्ली फिरवायला त्रास झाला. यज्ञेश दिवाणावर झोपलेला होता.

रुमालात मोबाइल तसाच होता. बंद, गार, जड. काच काळी. तिच्यावर शर्मिष्ठेने लावलेला टिळा होता, पण गोल राहिला नव्हता. खालून वर ओढला गेला होता, पुन्हा पुन्हा, एकाच वाटेने, जसे उगाळताना सहाणेवर गंध पसरते. त्या दिवशी ओढून घेताना झाले असेल, असे मी ठरवले. पदराचे टोक ओले करून पुसले.

पदराला रंग लागला नाही.

जोराने पुसले. नखाने खरवडले. नख गुळगुळीत काचेवरून घसरत राहिले आणि कुंकू त्याच्याखाली तसेच. मी मोबाइल खिडकीशी नेला, तिरका धरला. काचेला चीर नव्हती. कडेला फट नव्हती. कुंकू काचेच्या पलीकडच्या बाजूला होते.

संध्याकाळी मी तो देवव्रतच्या हातात दिला. त्याने बटण दाबून धरले, उलटा केला, पुन्हा दाबले.

"ताई, चार्जिंग संपलंय. मेलाय तो."

"कुंकू बघ."

"लागलंय कुठेतरी आत. असतं गं. घाम जातो, पाणी जातं." मग हसला. "तू गणिताची बाई ना? तूच अशी करायला लागलीस तर आमची वाट लागली."

तो हसला ते मला बरे वाटले. त्याने ते चाळीस मुलांसमोर म्हटले असते तरी बरे वाटले असते. मी मोबाइल रुमालात गुंडाळला. गुंडाळताना जाणवले की काच गार नाही. मुठीत धरलेल्या लहान मुलाच्या हाताइतकी ती ऊन होती.

देवव्रतने धरला होता म्हणून, मी म्हटले. कपाट बंद केले.

५

दिवाळी जवळ आली होती. सांजवात अजून यज्ञेशच लावत होता. प्लास्टरच्या हाताने मला काडी ओढता येत नसे. त्या संध्याकाळी तो स्वयंपाकघरातल्या देव्हाऱ्यासमोर बसला होता आणि मी इकडे खोलीत वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होते. तो श्लोक म्हणत होता, मी इथून साथ देत होते. त्याचा आवाज फुटून आता जाड झाला आहे. तरी श्लोकाच्या शेवटी तो लहानपणासारखाच सूर वर नेतो. ते ऐकताना मला वाटले, मुलगा परत आला. उगाच भ्यालो आपण.

कपाटातला घसरण्याचा आवाज चालू होता. त्याची मला सवय झाली होती. माणसाला कशाचीही होते.

तो आवाज थांबला.

मग कपाटात काहीतरी आपटू लागले. घसरणे नाही, टेकणे नाही. बंद दारावर आतून थापा माराव्यात तसे. कपाटाचा पत्रा थरथरत होता. कपाटाच्या आरशावरची टिकली खाली पडली. स्वयंपाकघरात यज्ञेश शांतपणे श्लोक म्हणत होता.

मी किल्ली लावली. रुमाल आपोआप सुटलेला होता.

मी पाहिले ते एवढेच. अधिक मला माहीत नाही आणि अधिक जाणून घ्यायची माझी इच्छा नाही. काळ्या काचेला आतून एक अंगठा टेकला होता. खिडकीच्या काचेला मूल नाक लावते तेव्हा ते चपटे आणि पांढरे दिसते, तसा तो दाबलेला होता. त्वचेच्या रेषा दिसत होत्या. रेषांत कुंकू भरलेले होते. आणि पेरावर चंद्रकोर होती.

माझ्या डोळ्यांदेखत त्या पांढऱ्या कातडीवर लाल डाग उमटला. तो वाढला. त्यावर पाण्याचा फोड धरू लागला. अंगठा काचेवरून मागे जाई आणि पुन्हा येऊन आपटे.

तेवढ्यात मला वास आला. जळलेल्या नखाचा.

मी धावले. यज्ञेश डोळे मिटून बसला होता. वात पुढे सरकवायला त्याने हात निरांजनापाशी नेला होता आणि तो तिथेच राहिला होता. ज्योत त्याच्या अंगठ्याभोवती वळून वर जात होती. चेहऱ्यावर एक आठीसुद्धा नव्हती.

मी त्याचा हात ओढला.

त्याने डोळे उघडले. आधी माझ्याकडे पाहिले, मग अंगठ्याकडे.

"आत्तू," तो म्हणाला, "तू माझा हात धरला आहेस का?"

मी दोन्ही हातांनी धरला होता. प्लास्टरच्या हातानेही.

६

आईवडील घरी येईपर्यंत तो माझ्या मांडीवर डोके ठेवून पडला होता. ते आल्यावर उठून बसला. कोणी विचारले नव्हते.

"मी ढकललं आत्तूला. खंडेनवमीला. खोटी शपथ घेतली."

शर्मिष्ठा रडू लागली. देवव्रतने हात उगारला. मी मधे गेले. "पुरे," मी म्हटले. "ह्या घरात आता कोणी कोणावर हात उचलायचा नाही." त्या रात्री मला आशा वाटली होती. खरे बोलल्यावर शिक्षा संपते, असे मी वर्गात मुलांना वर्षानुवर्षे सांगत आले होते.

माझे मनगट जुळले. त्याचा फोडही बरा झाला. हात परत आला नाही. नाहूरला नसांच्या डॉक्टरांकडे नेले, सुया टोचून तपासण्या केल्या. नसा उत्तम आहेत, असे त्यांनी लिहून दिले. बोटे हलतात, पेन धरतात. पेन गळून पडले तर खाली पाहीपर्यंत त्याला कळत नाही. देवव्रतने त्याला एकदा दुकानात नेले आणि नवा मोबाइल हातात दिला. काचेवर त्याचे बोट चालले नाही. दुकानदाराने स्वतःचे टेकवले, ती लगेच उजळली. यज्ञेशने हसून तो परत केला. त्याने पुन्हा कोणाला मारले नाही. चांगलेच झाले, असे केतनची आई म्हणते. मी म्हणत नाही.

तो जुना मोबाइल भंगारात देता येत नाही. पुरायचा की पाण्यात सोडायचा, हा प्रश्न देवव्रतने एकदा काढला. मी दोन्हींना नको म्हटले. मोबाइल देव्हाऱ्याखालच्या खणात, मऊ कापडावर ठेवलेला आहे. खंडेनवमीला त्याला टिळा लागतो आणि दसऱ्यापर्यंत त्याला कोणी हात लावत नाही.

एरवी मी लावते. दुपारी खणातून आवाज येऊ लागला की मी तो मांडीवर घेते आणि काचेवर माझा अंगठा ठेवते. आवाज थांबतो. काच ऊन असते. कधी कधी पलीकडच्या खोलीतून, झोपेत, यज्ञेश म्हणतो, "आत्तू, हात किती गार गं तुझा."

आता तो कॉलेजात आहे. मी बसले की मला उठायला आधार लागतो, आणि तो देतो. किती घट्ट धरायचे हे त्याला माझ्या चेहऱ्याकडे पाहून ठरवावे लागते. सांजवात त्याने कोणालाही लावू दिलेली नाही. ती आपणच लावायची, असे त्याने स्वतः ठरवले आहे. काडी ओढतो, वात पुढे सरकवतो, डोळे उघडे ठेवून श्लोक म्हणतो. तरी डोळे कधी तरी मिटतातच. ज्योत बोटाला लागली आहे, हे मग त्याला कोणीतरी सांगावे लागते. मी आहे तोवर मी सांगते.